कांद्याची पात आणि घरातली कुत्री-मांजरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील गच्चीवरच्या भाजीपाल्याचे सदर मी नेमाने वाचते आणि त्याच्याच आधारे यंदा कांदा, लसूण, टोमॅटो व अळू कुंड्यांत लावले. मात्र घरात कुत्रे किंवा मांजर असेल तर यांतील काय त्यांच्या तोंडी लागू देऊ नये, याचा उल्लेख त्या सदरात आजवर आलेला नाही. तो यावा, यासाठी हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या कुत्रीने कांद्याच्या पातीची कुंडीच्या कुंडी कांद्यांसकट फस्त केली, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. चौथ्या दिवशी ती जिन्यात मध्येच बसू लागली, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवी गडद तांबूस झाली, तरी त्या कुंडीची आठवण कोणालाच झाली नाही. रक्ताचा अहवाल पाहून पशुवैद्यांनी कांद्याविषयी विचारले, तेव्हा कुठे उलगडा झाला. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटकांमुळे या प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि हे व्हायला काही दिवस जात असल्याने खाणे आणि आजारपण यांचा संबंध सहसा लागत नाही. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधू शकतो, मांजराला मात्र अवघा ५ ग्रॅम, म्हणजे चार किलोच्या मांजराला कांदेपोह्यांसाठी चिरलेल्या कांद्यातल्या थोड्याशा फोडीही पुरतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. त्यामुळे कालची आमटी भातात कालवून घालणे किंवा मटणाचा मसालेदार रस्सा पाजणे, हे आपले प्रेमाचे प्रकारही त्यातच आले. लसूण तर कांद्याहून जहाल, तरीही गोचीड जाव्यात म्हणून तो कुत्र्याला आवर्जून चारणारे लोक मला भेटले आहेत.

अळवाचा प्रकार निराळा आहे. कच्च्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आपण चिंच किंवा आमसूल घालून ज्या खाजेचा बंदोबस्त करतो, तीच कच्चे पान चावणाऱ्या प्राण्याच्या जिभेला व घशाला झोंबते, लाळ गळू लागते आणि तो पंजाने तोंड घासत राहतो. जिवावर बेतणे विरळा, पण घशाला सूज आली तर थांबू नये. टोमॅटोचे पिकलेले फळ चालते, परंतु पाने, देठ आणि हिरवी फळे नकोत. हिरवट किंवा कोंब आलेल्या बटाट्यांचेही तेच. कांद्याची साले व बुरशी आलेले अन्न पडते ती खताची टोपलीही झाकलेली असावी. गाजर, काकडी, लाल भोपळा खुशाल द्यावा.

असे काही खाल्ल्याचे दिसताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे. मिठाचे पाणी पाजून घरी ओकारी काढू नये, त्याने मिठाचीच बाधा होऊ शकते.

सदराच्या लेखिकेने प्रत्येक भाजीच्या माहितीत खतपाण्यासोबत याविषयी एखादी ओळ द्यावी, ही विनंती. पुढचा लेख लसणाच्या लागवडीवर असल्याचे आपण जाहीर केलेच आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करता येईल.

आपली,
एक वाचक, पुणे