रेबीजच्या सूचनेबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: लिफ्टशेजारच्या फलकावरील सूचना बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

'भटकी कुत्री, कबुतरे, पाली व उंदीर यांच्यापासून रेबीज होऊ शकतो' ही सूचना वाचली. हेतू चांगला आहे. पण चारपैकी दोन नावं साफ चुकीची आहेत आणि एक फारच महत्त्वाचं नाव राहून गेलंय.

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग. कबुतर, पाल, साप, मासा यांच्याकडून तो माणसाला होत नाही. उंदीर, खार, ससा यांच्यात तो फार क्वचित आढळतो. राहिलं ते मांजर. शिवाय माकड, मुंगूस, कोल्हा, वटवाघूळ, एवढंच काय गाय, शेळी, घोडा यांनाही रेबीज होतो. माणसांतल्या रुग्णांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळेच होतात, तेव्हा कुत्रा यादीत पहिला हवाच.

मांजराचं सांगतो कारण रविवारी पार्किंगमधल्या मांजरीने सी विंगच्या एका मुलाला ओरबाडलं. मनगटावर दोन बारीक रेघा, एकीवर रक्ताचा थेंब. जमलेली चारही मोठी माणसं म्हणाली, "मांजरच आहे हो, काही होत नाही." प्राणी पंजे चाटतो आणि विषाणू असतो लाळेत, तेव्हा नख लागलं तरी धोका असतोच. मी त्याला बागेच्या नळाखाली बसवलं, वॉचमनकडून साबण घेतला आणि घड्याळ लावून १५ मिनिटं हात धुतला. तिसऱ्या मिनिटालाच बिचारा कंटाळला होता. पण या विषाणूवरचं चरबीचं आवरण साबणाने विरघळतं, म्हणून हे धुणं औषधाइतकंच मोलाचं. रक्त आलं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) दिलं. (पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. लस आता दंडात देतात.)

याउलट, कुत्र्याने जिन्यात लघवी केली म्हणून गेल्या महिन्यात केवढा गोंधळ झाला होता! लघवी, विष्ठा किंवा रक्तातून रेबीज पसरत नाही. धडधाकट कातडीला कुत्र्याने चाटलं तरी काही होत नाही. चावा, ओरखडा, आणि उघडी जखम, डोळा किंवा तोंड यांना लागलेली लाळ, एवढंच जपायचं.

विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्षही. लस काम करते ती याच मधल्या काळात. लक्षणं दिसल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून 'बघू, जखम सुकतेय ना' असं कोणी म्हणू नये. 'पिल्लूच तर आहे' असंही नको, पिल्लांनाही रेबीज होतो.

कुत्र्यांना हाकलून देण्याची सूचना सभेत आली होती. ती जागा उद्या लस न टोचलेली दुसरी कुत्री घेतील. त्यापेक्षा आहेत त्यांना आणि त्या मांजरीला दरवर्षी लस टोचून घेऊ. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण झालं की साखळी तुटते. आपल्याकडे तर सहाच आहेत. बागेच्या नळापाशी साबणही कायम ठेवावा.

नवा मजकूर सोबत जोडला आहे. फलकाच्या काचेची किल्ली सेक्रेटरींकडे असते, नाहीतर मीच बदलला असता.

आपला,
बी विंगमधील एक सभासद