महापौर महोदय, वायकराकाचा ट्रॅक आधी तयार होऊ द्या

प्रति,
मा. वेन ब्राउन,
महापौर, ऑकलंड

एप्रिल २०२५

स.न.वि.वि.

वेस्टर्न स्प्रिंग्ज स्टेडियमचा शेवटचा स्पीडवे हंगाम, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतींचा हंगाम, संपला. १९२९ साली जिथे पहिल्यांदा शर्यत लागली, त्या खोलगट मैदानात पुढच्या उन्हाळ्यात इंजिनं वाजणार नाहीत. मिजेट आणि स्प्रिंटकार या उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्या आता ओनेहंगाच्या वायकराका पार्कवर जाणार आणि तिथल्या जड स्टॉककारबरोबर एकाच ट्रॅकवर धावणार. हा निर्णय फिरवा, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. वायकराकाचं काम कोणत्या क्रमाने होतं, यावर इथला स्पीडवे टिकतो की दोन-चार हंगामांत विझतो हे ठरेल. तो क्रम आपल्या हातात आहे. आपण पेशाने इंजिनिअर आहात, म्हणून मापांतच बोलतो.

पत्र मराठीत उघड करण्याचं कारण एवढंच की सँडरिंगहॅम, माउंट रॉस्किल, ओनेहंगा या भागांत आमची बरीच मराठी माणसं राहतात आणि स्टेडियम म्हटलं की आम्हाला फक्त क्रिकेटचं ईडन पार्क आठवतं. स्पीडवे हलवून वेस्टर्न स्प्रिंग्जवर क्रिकेट आणायचा बेत मागे काही वर्षं शहरात चर्चेत होता, तेव्हाही आमच्यातल्या बहुतेकांना तिथे आधीपासून काय चालतं हे माहीत नव्हतं. ईडन पार्कच्या सरळ सीमारेषा आखूड आहेत, हे आम्हालाही दिसतं. पण एका खेळाची अडचण दुसऱ्या खेळाचं घर काढून घेऊन सोडवू नये, असं आमचं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आता मुद्द्याचं. लांबून स्पीडवेचा ट्रॅक म्हणजे तपकिरी मातीचा लंबगोल. प्रत्यक्षात तो तालमीतल्या हौदासारखा असतो. माती उकरायची, भिजवायची, फिरवायची, दाबायची. आठवडाभर दुर्लक्ष झालं की तिचा दगड होतो. ट्रॅक ४०० मीटर लांब आणि सरासरी १५ मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर. वरचा चिकणमातीचा थर २० सेंटिमीटर हवा असेल तर दाबलेली माती १,२०० घनमीटर लागते. रोलरखाली माती बसते, म्हणून सैल माती पाव पट तरी जास्त आणावी लागते. म्हणजे १,५०० घनमीटर, १० घनमीटरच्या ट्रकच्या १५० खेपा. हा खर्च स्टँड, शौचालयं आणि दिव्यांच्या खर्चात विरघळून जाऊ नये, त्याला अंदाजपत्रकात स्वतःची ओळ हवी. काम संपत आलं आणि पैसे कमी पडले, की पहिली कात्री मातीला लागते, कारण उद्घाटनाच्या फोटोत माती दिसत नाही.

माती कोणतीही चालत नाही. रेती जास्त असेल तर ती पाणी धरत नाही आणि तिसऱ्या शर्यतीपर्यंत धूळ होऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. चिकण जास्त असेल तर ओली असताना साबणासारखी घसरते आणि वाळली की भेगाळते. ठेकेदाराच्या ढिगाऱ्यातून मूठभर माती घ्या, भिजवून घट्ट गोळा वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. त्याचा भुगा झाला तर माती कोरडी किंवा रेताड. भाकरीच्या पिठासारखा थापला गेला तर पाणी जास्त. दोन-तीन ढेकळांत फुटला तर माती कामाची. मग तीच माती काचेच्या बरणीत पाण्याबरोबर खळखळून हलवावी आणि एक दिवस तशीच ठेवावी. तळाला रेती बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती, आणि प्रत्येक थर फूटपट्टीने मोजता येतो. प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. पण दीडशे ट्रकांपैकी कोणता परत पाठवायचा हे गेटवर याच दोन परीक्षांनी कळतं.

पाण्याचं गणित याहून कडक आहे. ६,००० चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ६,००० लिटर. जानेवारीतल्या उन्हाच्या आणि वाऱ्याच्या दिवशी ५ मिलिमीटर उडून जातं असं धरलं, तर आहे ती ओल राखायलाच ३०,००० लिटर लागतात. टँकर १०,००० लिटरचा असेल आणि नळातून मिनिटाला २५० लिटर येत असेल, तर एक टँकर भरायला ४० मिनिटं. तीन खेपांना दोन तास नुसते भरण्यात जातात. तोवर पहिली खेप वाळलेली असते. म्हणून ट्रॅकच्या कडेला ५०,००० लिटरची टाकी आणि मिनिटाला १,००० लिटर देणारा पंप हवा. नंतर सवडीने बसवू म्हणायची ही वस्तू नाही. ती पहिल्या दिवशी लागते.

पाणी कमी पडलं की नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. गुरुवारी-शुक्रवारी खोलवर मुरवायला पाणी नसलं, की शनिवारी संध्याकाळी घाईने वरून शिंपलं जातं. वरचे दोन सेंटिमीटर चिखल, खाली कोरडं. पहिल्या दोन शर्यतींत गाड्यांची चाकं तो चिखल सालीसारखा सोलून भिंतीकडे फेकतात. खालचा टणक थर उघडा पडतो आणि टायरच्या रबराने काचेसारखा गुळगुळीत होतो. त्यानंतर ओव्हरटेक करायला एकच वाट उरते आणि सगळे त्याच वाटेवर एकमेकांच्या मागे फिरत राहतात. प्रेक्षक पुढच्या शनिवारी येत नाहीत. स्पर्धकांना शिव्या बसतात, आणि चूक नळाच्या व्यासाची असते.

दोन ठिकाणचे खेळ एकत्र आणताना सगळ्यात जास्त विचार कशाचा करावा लागेल, तर एकाच मातीकडून तीन वेगळ्या गोष्टी मागितल्या जाणार आहेत याचा. स्टॉककार जड आणि पोलादी बंपरची असते. तिथे धडक देणं हा खेळाचाच भाग. धडकेनंतर अडकलेल्या गाडीची चाकं एकाच जागी फिरतात आणि वळणाच्या तोंडाशी खड्डे पडतात. स्टॉककारला त्या खड्ड्यांचं काही वाटत नाही. मिजेट मात्र हलकी, चाकं उघडी, आणि ती वळणात आडवी घसरतच जाते. तिचं बाहेरचं पुढचं चाक त्याच खड्ड्यात गेलं की गाडी उलटते. दोन मिजेटची उघडी चाकं एकमेकांवर चढली तरी तेच. तिसरी गोष्ट मोटरसायकल. ५०० सीसीचं एक सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, किमान वजन ७७ किलो, आणि ब्रेक नाहीत. मागचं चाक मातीत घसरवणं हेच वळायचं साधन, म्हणून तिला वर सारखी पसरलेली मोकळी माती लागते. गाड्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या ट्रॅकवर एखादा पट्टा पकड देतो, एखादा देत नाही. घसरत्या चाकाला अचानक पकड मिळाली की मोटरसायकल सरळ होते आणि तशीच भिंतीत जाते.

त्यावर उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो. एकाच रात्री सगळे असतील तर मोटरसायकल आधी, मग मिजेट, स्टॉककार शेवटी. स्टॉककारच्या रात्रीनंतर दोन्ही वळणं ५ ते ७ सेंटिमीटर उकरून, नवी माती घालून, भिजवून, रोलर फिरवून घ्यावी लागतात. फक्त खड्डा भरला तर तो थिगळासारखा राहतो आणि दुसऱ्याच शर्यतीत उखडतो, कारण नवी माती जुन्या कोरड्या मातीला धरत नाही. हे काम नीट करायला दोन-तीन दिवस लागतात. शुक्रवारी स्टॉककार आणि शनिवारी मिजेट असं वेळापत्रक कागदावर बसेल, ट्रॅकवर बसणार नाही.

वेळापत्रकाचा प्रश्न तर उघडच आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात साधारण २१ ते २२ शनिवार येतात. वेस्टर्न स्प्रिंग्जहून आलेल्या आणि वायकराकाच्या अशा दोन्ही गटांना प्रत्येकी १० ते १२ रात्री द्यायच्या तर २० ते २४ हव्यात. त्यात नाताळाचा आठवडा आणि ऑकलंडचा पाऊस धरा. पावसाने रद्द झालेली रात्र पुढे ढकलायला जागाच नाही. आयोजकाचा निम्मा खर्च गेट उघडायच्या आधीच झालेला असतो, त्यामुळे अशा दोन रात्री बुडाल्या की हंगाम तोट्यात जातो. दोन्हीकडच्या आयोजकांना एकत्र बसवून शनिवारांची वाटणी आणि पावसाच्या राखीव तारखा लेखी ठरवून घ्या, आणि हे ट्रॅकचं काम सुरू व्हायच्या आधी करा. माणसं एकमेकांशी भांडायला लागली की बाहेरच्या कुणाला स्पीडवे बंद पाडायची गरजच उरत नाही.

घाईचे दोन दाखले जगासमोर आहेत. १८ एप्रिल २०१५ रोजी वॉर्सॉच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये तात्पुरता ट्रॅक टाकून स्पीडवे ग्रां प्री, म्हणजे मोटरसायकलची जागतिक स्पर्धा, भरवली गेली. ट्रॅक उखडत गेला, सुरुवातीचं गेट चालेना, आणि १२ शर्यतींनंतर स्पर्धा थांबवावी लागली. पोलंडमध्ये स्पीडवेला जे स्थान आहे, ते पाहता ही नामुष्की केवढी होती याची कल्पना करा. पुढच्याच वर्षी, १९ मार्च २०१६ रोजी, मँचेस्टरच्या नव्या कोऱ्या राष्ट्रीय स्पीडवे स्टेडियमचं उद्घाटन होतं. प्रेक्षक आले होते, ट्रॅक शर्यतीच्या लायकीचा नव्हता, शर्यती रद्द झाल्या. दोन्हीकडे इमारत उभी होती, दिवे लागले होते. फक्त माती बसलेली नव्हती. नवा ट्रॅक निदान एक हिवाळा पावसात मुरावा लागतो. त्यानंतर प्रेक्षकांशिवाय तीन-चार सरावाच्या रात्री घ्याव्या लागतात, प्रत्येक प्रकारच्या गाडीसह.

भिंतीचा विचारही आताच करावा लागेल. स्टॉककारला काँक्रीटची भिंत आणि मजबूत जाळी हवी. मोटरसायकलस्वारासाठी तीच भिंत जीवघेणी, त्याला वळणांवर हवेने फुगवलेलं कुंपण लागतं. ते लावण्या-काढण्यासाठी भिंतीत कड्या, हवेच्या पंपांना वीज आणि ठेवायला कोरडी खोली आता आराखड्यात धरली तर खर्च किरकोळ आहे. नंतर काँक्रीट फोडावं लागेल. वेस्टर्न स्प्रिंग्जवर २०१२, २०१३ आणि २०१४ साली जागतिक ग्रां प्री झाली. रॉनी मूर, बॅरी ब्रिग्ज आणि आयव्हन मॉगर या तिघांनी मिळून या छोट्या देशाला १२ जगज्जेतेपदं दिली, आणि तिघेही मोटरसायकलवालेच. त्या देशाच्या सगळ्यात मोठ्या शहरात मोटरसायकलला सुरक्षित भिंत नसणं आम्हाला मान्य नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात. वेस्टर्न स्प्रिंग्जच्या भोवतालच्या चढावर घरं आहेत आणि आवाजाच्या वादाने तिथला खेळ वर्षानुवर्षं आवळला गेला. वायकराकाच्या एका बाजूला कारखाने आणि गोदामं, दुसरीकडे मांगेरेची खाडी आणि लगत दफनभूमी. आज शेजार सोयीचा आहे. १० वर्षांनी त्याच गोदामांच्या जागी फ्लॅट आले, तर तेच सगळं पुन्हा घडेल. म्हणून रात्रींची संख्या, संपायची वेळ आणि आवाज मोजायची जागा परवान्यात आताच लिहा. आसपास पुढे येणाऱ्या घरांच्या मालकीपत्रावर ‘तक्रार करणार नाही’ असा करार नोंदवण्याची सोय आपल्याकडे आहे, तीही आताच वापरा. आणि आवाज कमी करा म्हणून गाड्यांची संख्या घटवायला कुणी सांगितलं तर गणित दाखवा: २० गाड्यांच्या १० केल्या तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. चांगला सायलेन्सर यापेक्षा जास्त काम करतो, आणि तो प्रत्येक गाडीला सक्तीचा करायला आमची पूर्ण तयारी आहे.

शेवटची मागणी वेस्टर्न स्प्रिंग्जबद्दल. त्या जागेचं पुढे काय करायचं हे शहर ठरवेल. पण वायकराकावर एक पूर्ण हंगाम नीट पार पडेपर्यंत तिथला ट्रॅक उकरू नका. तिथली माती वर्षानुवर्षं चाळून, भिजवून, दाबून घडलेली आहे. उद्या तो ट्रॅक काढायचाच ठरला, तर वरचा थर भराव म्हणून कुठल्या खड्ड्यात जाऊ देऊ नका. तो वेगळा काढा, ताडपत्रीखाली ठेवा आणि वायकराकाच्या नव्या मातीत मिसळा. वाहतुकीचा खर्च नव्या मातीच्या खरेदीतून बराचसा सुटेल.

आपण एकदा वायकराकावर यावं, ही विनंती. शर्यतीच्या रात्री नको, त्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी या, माती उकरली जात असते तेव्हा. गमबूट घालून या. बरणी आणि फूटपट्टी आम्ही आणू.

आपले,
शर्यतीच्या आठवड्यात ट्रॅकची माती, पाणी आणि भिंत सांभाळणारे
ऑकलंडमधले काही मराठी स्वयंसेवक