बाटलीतलं पेस्तो आणि आपली काकडी

फोंडा,
रविवार, दुपार

बाय,

परवा फोनवर कुरकुरलीस, "आई, रोज रात्री नुसतं सॅलड खाते, तरी वजन तसंच." बोलता बोलता बाटलीतलं हिरवं पेस्तो काकडीवर ओतत होतीस. मी मोजत होते. चार चमचे! एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण 120 कॅलरी असतात, आणि पेस्तोत तेलच जास्त. मूळ पदार्थ जेनोआकडचा: तुळस, लसूण, पाइनच्या बिया, चीज, ऑलिव्ह तेल, सगळं खलात कुटलेलं. पास्त्याला लागेल एवढंच घ्यायचं. वाडगाभर काकडीसाठी ते नाहीच.

चतुर्थीला आलीस तेव्हा लावून गेलेली इटालियन तुळस आता माजलीय. म्हटलं, तेल कमी करून, दही घालून आपणच करून बघू. (वृंदावनातल्या तुळशीला हात लावला नाही गं, आजी घराबाहेर काढेल. शिवाय तिला लवंगेसारखा उग्र वास, या कामाची नव्हे.)

पहिला घाणा फसला. सगळं एकदम मिक्सरात घालून गरगर फिरवलं. भांडं तापलं, पानं काळवंडली, दही पाणी पाणी झालं. बाबा वाटीत डोकावून म्हणाले, "तळीतलं शेवाळ कुठून आणलंस?"

आता जमलंय. दोन मुठी पानं उकळत्या पाण्यात दहा आकडे मोजेपर्यंत बुडवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. पान काळं करणारं एन्झाइम असतं, ते उष्णतेनं निकामी होतं, रंग टिकतो. वास मात्र थोडा उडतो, म्हणून पाच-सहा कच्ची पानं शेवटी चिरून घालते. पाइनच्या बिया इथं कुठं शोधायच्या? अर्धा तास भिजवलेले सहा-सात काजू घे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आपल्या डोंगरावर उगाच नाही रुजलं! भिजलेला काजू वाटला की तेलाशिवायच दाटपणा येतो. पानं घट्ट पिळून काजू, लसणीची एकच लहान पाकळी (कच्ची लसूण दुसऱ्या दिवशी जास्तच चढते) आणि मीठ घालून थांबत थांबत वाट. मग वाटीत काढून चार चमचे चक्का, अर्धं लिंबू आणि फक्त एक लहान चमचा ऑलिव्ह तेल हातानं फेट. तेल मिक्सरात घातलं तर कडवट होतं. फार घट्ट वाटलं तर चक्क्याचं निथळलेलं पाणी आहेच, ते फेकू नकोस.

चीज मी घालत नाही. हवं तर तू वरून किसून घे, पण सोमवारी नको. अस्सल पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ते शिवराक, म्हणजे शाकाहारी, कसं म्हणायचं? आजीला यातलं काही सांगू नकोस, ती काल पोईच्या पावाला लावून दोनदा खाऊन गेली.

फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे ठेवू नकोस. उकडलेल्या चण्यांवर छान लागतं, तव्यावर भाजलेल्या इसवणावर (सुरमईवर) तर काय सांगू. टोमॅटोवर मात्र आयत्या वेळी घाल, नाहीतर पाणी सुटतं.

शेजारचे काका बुधवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर तुळशीच्या तीन फांद्या पाठवते. खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेव, खिडकीशी. पाणी एक दिवसाआड बदल. मुळं फुटली की कुंडीत लाव, आणि ती बाटली धुऊन मला परत आण, लोणच्याला बरी आहे.

तुझी,
आई