धोका किती वर्षांतला, तेही छापा

महोदय,

'अमुक खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका ३० टक्क्यांनी वाढतो' अशा थाटाच्या बातम्या आरोग्य पुरवण्यांत हल्ली वरचेवर येतात. मी त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. माणसांवर किती वर्षं लक्ष ठेवलं होतं, एवढंच मला हवं असतं आणि बहुतेक वेळा तेच नसतं. हजारात दहाऐवजी तेरा जण आजारी पडले तरी वाढ ३० टक्के, शंभराऐवजी एकशे तीस पडले तरी ३० टक्केच. शिवाय हे वर्षभरात घडलं की वीस वर्षांत, ते कळलं नाही तर वाचकाने त्या आकड्याचं करायचं काय?

नव्वदच्या दशकात मी एका आरोग्य पाहणीसाठी लालबाग-परळच्या चाळींतून दारोदार फिरत असे. पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, विडी-तंबाखू-मशेरीच्या सवयी लिहून घ्यायच्या आणि पाचेक वर्षांनी त्याच दारात पुन्हा उभं राहायचं. दुसऱ्या फेरीत एका खोलीला कुलूप दिसलं. शेजारच्या बाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ते होय? गावी गेले, दोन वर्षं झाली की." मी फॉर्मवर 'घर बंद' लिहून त्या दिवसाची तारीख टाकली. संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षक बाईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तू यांना दोन वर्षं फुकट जगवलंस. शेवटचं कोणी कधी पाहिलं, ती तारीख घाल."

अशा अभ्यासात हिशेब व्यक्तिवर्षांचा धरतात. एक माणूस पाच वर्षं नजरेखाली राहिला तर पाच, तीन वर्षांनी अभ्यासातून सुटला तर तीनच. या सगळ्यांच्या बेरजेने मृत्यूंना भागायचं. माझ्या चुकीच्या तारखेने बेरीज फुगली असती आणि धोका होता त्याहून कमी दिसला असता.

पण तारीख दुरुस्त करूनही एक प्रश्न उरतोच. गावी जायचं कोण? गिरणगावात खोकला बळावला, गिरणीतली पाळी झेपेना, की माणूस कोकणात नाहीतर घाटावर परतायचा. तिथे गेला तर मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, मुंबईच्या महापालिकेत नाही. मध्येच सुटलेल्यांचा धोका मागे राहिलेल्यांएवढाच असतो, असं नेहमीची गणितं धरून चालतात. आमच्या चाळींत ते खरं नव्हतं.

म्हणूनच १९९१ ते १९९७ दरम्यान मतदारयाद्यांवरून नोंदवलेल्या सुमारे १ लाख ४८ हजार मुंबईकरांच्या अभ्यासाचं मला मोल वाटतं. सगळे पस्तिशीच्या पुढचे. घरोघर जाऊन त्यांची पुन्हा चौकशी झाली, ती सरासरी साडेपाच वर्षांनी. धूम्रपान न करणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३७ पट निघाला आणि विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट. विडी सौम्य असं समजणाऱ्या कितीतरी घरांत मी चहा प्यायले आहे. त्यांना हा आकडा सांगायचा तर साडेपाच वर्षांसकट सांगावा लागेल.

तेव्हा विनंती एवढीच: अशा प्रत्येक बातमीत किती माणसं, किती वर्षं, मध्येच किती सुटली आणि हजारात प्रत्यक्ष किती जणांना आजार झाला, हे दोन ओळींत द्यावं. मूळ शोधनिबंधात ते बहुधा असतंच. त्या कुलपाच्या खोलीतले गृहस्थ आमच्या तक्त्यात तीन वर्षांपुरते आहेत. पुढे त्यांचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

– एक निवृत्त सर्वेक्षण कार्यकर्ती, लालबाग, मुंबई