सॅन फ्रान्सिस्कोची जहाजं लेखात राहून गेली

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सॅन फ्रान्सिस्कोवरचा लेख वाचला. सोनं सापडलं आणि गावाचं नशीब पालटलं, एवढ्यावर लेखकाने आटोपतं घेतलं आहे. माझी सारी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली, त्यामुळे बंदराची हकीकत राहून गेल्याची फार रुखरुख लागली.

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे सोनं सापडलं तेव्हा सॅन फ्रान्सिस्को बंदरात जेमतेम हजारभर वस्ती होती. दोन वर्षांत ती २५ हजारांच्या घरात गेली. जहाजाने नांगर टाकायचा अवकाश, उतारूंच्या मागोमाग खलाशीही खाणींकडे पळत. शेकडो जहाजं तशीच बेवारशी उभी राहिली. गावात जागेची मारामार, म्हणून त्यांचीच गोदामं झाली. 'युफेमिया'चा तर तुरुंग झाला. 'नायँटिक' हे जहाज आधी व्हेलच्या शिकारीला जायचं. ती किनाऱ्याला आणून चिखलात बसवली, कुशीला दार पाडलं, वर छप्पर चढवलं आणि माल ठेवायला भाड्याने दिली. मे १८५१ च्या आगीत ती जळाली. समुद्रातले, अजून पाण्याखाली असलेले प्लॉट तेव्हाच विकले जात होते! मग वाळूचा भराव पडत गेला आणि सांगाडे खाली गाडले गेले. १९७८ मध्ये इमारतीचा पाया खणताना 'नायँटिक'चा तळ सापडला. मुलीकडे गेलो असताना क्ले आणि सॅन्सम रस्त्यांच्या त्या कोपऱ्यावर मुद्दाम गेलो. भिंतीवर पाटी आहे. समुद्र तिथून दिसतही नाही.

दुसरी गोष्ट पाऱ्याची. सोनं धरून ठेवायला खाणवाले पारा वापरत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगर फोडले, आणि तो पारा गाळाबरोबर नद्यांतून उपसागरात उतरला. फवाऱ्यांच्या या खाणकामाला कोर्टाने १८८४ मध्ये चाप लावला, पण पारा आहे तिथेच आहे. तिथले कोणते मासे किती खावेत, याच्या सूचना आरोग्य खातं आजही देतं. कोळीवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या मला हे लेखात हवंच होतं.

आणि कॅलिफोर्नियाचे मूळ रहिवासी? १८४६ च्या सुमारास ते दीड लाख होते असा अंदाज आहे. १८७० पर्यंत ३० हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली. त्यांच्याविषयी लेखात एक ओळही नाही.

पुढच्या अंकात यावर सविस्तर लेख द्यावा. गाडलेल्या जहाजांचा नकाशा तिथल्या सागरी उद्यानाने तयार केलेला आहे. तोही सोबत छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त गोदी कर्मचारी, माझगाव