जाडीचे नकाशे आणि मराठवाड्यातील गारा

मा. संपादक, स. न. वि. वि.

गारपिटीचे दिवस आले की भ्रमणध्वनीवर रंगीत नकाशे फिरू लागतात आणि ‘५४० ची रेषा’ दाखवून मराठवाड्यात बर्फ पडणार की नाही, याची चर्चा रंगते. हे नकाशे हवेच्या थराची जाडी दाखवतात. १००० आणि ५०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) या दाबपातळ्यांमधील, म्हणजे जमिनीलगतच्या आणि बऱ्याच उंचीवरच्या पातळीमधील, हवेच्या थराची जाडी त्या थराच्या सरासरी तापमानावर अवलंबून असते. तापमान १ अंशाने वाढले की ती सुमारे २० मीटरने वाढते. युरोप-अमेरिकेत ५४०० मीटर (म्हणजेच ५४० डेकामीटर, नकाशावरील ‘५४० ची रेषा’) ही पाऊस आणि हिम यांची ढोबळ सीमा मानतात, तीही सखल प्रदेशापुरती. डोंगराळ भागात हा आकडा बदलावा लागतो. मराठवाड्यात मार्चमध्ये ही जाडी सहसा ५७०० मीटरच्या वर असते, त्यामुळे येथे हिमवर्षावाचा प्रश्नच उद्भवत नाही.

तरीही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी येथील हरभरा झोडपला, मोसंबीच्या सालीवर व्रण उठले. कारण गार ही वादळी ढगातील जोरदार ऊर्ध्व प्रवाहात, गोठणपातळीच्या (जेथे तापमान शून्य अंशावर येते त्या उंचीच्या) वर, अतिशीत (शून्याखालीही न गोठलेले) थेंब चिकटत जाऊन वाढते, आणि सरासरी तापमान सांगणाऱ्या नकाशात हा प्रवाह दिसतच नाही. (हिम आणि गार एकच समजणाऱ्यांत सुशिक्षितही कमी नाहीत.) आपल्या दैनिकाने उन्हाळ्याच्या तोंडावर हवामानाचे वृत्त देताना गोठणपातळीची उंची, वरच्या थरातील थंड हवा आणि उंचीनुसार बदलणारा वारा यांची माहिती द्यावी, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, परभणी