श्वासयंत्राची निवड विक्रेत्याच्या हाती नको

महोदय,

गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात दोघांसाठी श्वासाची यंत्रे आणावी लागली. माझ्या आईसाठी आणि धाकट्या भावासाठी. त्यांपैकी आईचे पहिले यंत्र निवडताना आमच्या हातून जी चूक झाली, ती इतर कुटुंबांकडून होऊ नये, या तळमळीने हे पत्र लिहीत आहे.

आईचे वय चौऱ्याहत्तर. तिने कधी विडीला हात लावला नाही. पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला आणि त्या धुराने तिची फुफ्फुसे खराब होत गेली. गावाकडे याला सरसकट दमाच म्हणतात, डॉक्टर त्याला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, म्हणतात. रुग्णालयातून घरी सोडताना तिच्या कागदावर ‘घरी ऑक्सिजन’ एवढेच लिहिलेले होते. मिनिटाला किती लिटर द्यायचा, दिवसातून किती तास द्यायचा, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) कितीवर ठेवायचे, याचा उल्लेख नव्हता. ती माहिती आम्ही दुकानात विचारली, आणि तिथे पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देताना सांगण्यात आले, की बोटावर लावून सॅच्युरेशन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसेपर्यंत ऑक्सिजनचा फ्लो, म्हणजे प्रवाह, वाढवत राहा. आम्ही तसेच केले. आठवड्याभरात आईचे डोके सकाळी उठल्याबरोबर दुखू लागले, दिवसा गुंगी येऊ लागली, घास हातात असताना ती पेंगू लागली. ऑक्सिमीटरवरचा आकडा उत्तम असल्याने आम्हाला वाटत राहिले, की बऱ्याच दिवसांनी तिला शांत झोप लागते आहे.

छातीच्या डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतले रक्त घेऊन त्यातले वायू मोजणारी एबीजी तपासणी केली, तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याचे कळले. हा वायू बोटावरच्या ऑक्सिमीटरला दिसत नाही. कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन गाळून जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन नाकापर्यंत पोहोचवतो, पण थकलेल्या छातीला श्वास बाहेर टाकायला तो कोणतीच मदत करत नाही. उलट ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, अशा सीओपीडीच्या रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. म्हणूनच अशांचे सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवण्यास सांगतात. आईला खरी गरज होती ती बायपॅपची, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देऊन छातीचे श्रम वाटून घेणाऱ्या यंत्राची. आता ती रात्री बायपॅप लावते, त्याच्या नळीला एक लिटर ऑक्सिजन जोडलेला असतो, आणि सकाळी तिची डोकेदुखी नसते.

भावाचा आजार अगदी वेगळा. तो प्रचंड घोरायचा आणि दुपारी गाडी चालवताना त्याला डुलकी लागायची. रात्रभराच्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, त्याचा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा थांबत किंवा मंदावत असल्याचे दिसले. हा आकडा ५ च्या आत असावा लागतो आणि ३० च्या पुढे गेला की आजार तीव्र समजतात. त्याची फुफ्फुसे ठणठणीत आहेत. झोपेत त्याचा घसा मिटतो. मिटलेल्या घशावर नुसता ऑक्सिजन हा उपाय नव्हे, घसा हवेच्या दाबाने उघडा ठेवावा लागतो. मास्कमधून सतत दाबाची हवा देणारे सीपॅप यंत्र हेच काम करते. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपाय पहिल्यांदा रुग्णावर वापरला आणि आजच्या यंत्रांचे मूळ तत्त्वही तेच आहे. मात्र दाब किती हवा, हे तपासणीवरूनच ठरवावे लागते. आपोआप दाब बदलणारी यंत्रे सोयीची असली, तरी हृदय कमकुवत असलेल्या किंवा मेंदूकडूनच श्वासाचा आदेश चुकणाऱ्या रुग्णाने ती परस्पर आणू नयेत.

भावाने पहिले यंत्र पंधरा दिवस भाड्याने आणले, हे फार बरे झाले. त्याला दिलेला मास्क फक्त नाकावरचा होता आणि तो झोपेत तोंडाने श्वास घेतो. त्यामुळे चौथ्या रात्री त्याने मास्क काढून फेकला. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिल्यावर तेच यंत्र त्याला मानवले. माझ्या मते यंत्राच्या कंपनीपेक्षा मास्ककडे अधिक बारकाईने पाहावे. घरगुती एकनळी यंत्राच्या मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती गळती समजून चिकटपट्टीने बंद करणे किंवा रुग्णालयातून आणलेला बिनछिद्रांचा मास्क या यंत्राला तसाच जोडणे जिवावर बेतू शकते.

जुने यंत्र घेणाऱ्यांनीही सावध राहावे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घाईने घेतलेले अनेक कॉन्सन्ट्रेटर नंतर वापराविना पडून राहिले. त्यांतला नायट्रोजन शोषून घेणारा झिओलाइट ओलाव्याने निकामी झाला असेल, तर यंत्र चालू दिसते, पण पुरेसा ऑक्सिजन देत नाही. म्हणून बाहेर येणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता मीटरने मोजून घ्यावी. त्याच वर्षी जूनमध्ये फिलिप्स कंपनीने आतल्या फोमचा भुगा श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रे परत बोलावली होती. जुन्या यंत्राचा अनुक्रमांक त्या यादीत नाही ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विजेचा विचारही आधीच करावा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ४०० वॉट खातो आणि घरचा साधा इन्व्हर्टर त्याला रात्रभर पुरत नाही. आम्ही भरलेला लहान सिलिंडर कायम जवळ ठेवतो.

छातीच्या आजारांच्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘बायपॅप घ्या’ किंवा ‘घरी ऑक्सिजन’ अशा एका ओळीवर रुग्णाला घरी पाठवू नये. यंत्राचा प्रकार, श्वास घेतानाचा आणि सोडतानाचा दाब, ऑक्सिजनचे लिटर आणि तास, सॅच्युरेशनची खालची व वरची मर्यादा, मास्कचा प्रकार व माप, आणि पुन्हा तपासणीला कधी यायचे, हे सारे मराठीत लिहिलेला एक कागद घरच्यांच्या हाती द्यावा. रात्री दोन वाजता यंत्राचा अलार्म वाजतो, तेव्हा त्या घरात डॉक्टर नसतो. रुग्णाशेजारी सून, मुलगा किंवा माझ्यासारखी मुलगी असते आणि तिला त्या कागदावर पाहूनच काय करायचे ते ठरवावे लागते.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा